तुम्ही कुत्रा मोकळा सोडल्यावर बाकीच्यांनी घ्यायची काळजी

सगळ्यात आधी अभिनंदन. घरात कुत्रा आणलात, अन् तोही असातसा नाही, हस्की. ज्या नागपुरात मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, कूलरची टाकी दिवसातून दोनदा भरावी लागते आणि दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नसतं, तिथे बर्फात गाडी ओढणारा प्राणी पाळायचा म्हणजे हिंमत लागते राजेहो. हिंमत त्याची, तुमची नाही, पण ते जाऊ द्या. तुमच्याकडे लॅब्रॅडॉर असेल, जर्मन शेफर्ड असेल किंवा "लॅब क्रॉस आहे" असं लोकांना सांगावं लागतं तसलं काही असेल (मार्च २०२४ मध्ये केंद्राचं ते २३ जातींवर बंदीचं पत्रक आलं आणि आमच्या लेआउटमधले, म्हणजे कॉलनीतले, पिटबुल एका रात्रीत लॅब क्रॉस झाले, पुढच्याच महिन्यात कर्नाटक हायकोर्टाने ते पत्रक रद्द केलं तरी परत पिटबुल व्हायला कोणी तयार नाही), तरी हे सल्ले सगळ्यांना सारखेच लागू.

पट्टा घ्या. चांगला, महागातला घ्या. लोकांचा गैरसमज आहे की पट्टा कुत्र्याला बांधायला असतो. तो आपल्या गळ्यात टाकायचा, डॉक्टर लोक स्टेथोस्कोप टाकतात तसा, म्हणजे कोणी टोकलंच तर दाखवता येतो, "हा काय, आहे ना पट्टा."

वेळ निवडताना डोकं लावा. उन्हाळ्यात नागपुरात चालायला मिळून मिळून दीड तास मिळतो, पहाटे पाच ते साडेसहा. त्यानंतर डांबर तापायला लागतं अन् रात्री जेवणं होईपर्यंत चटके देतं, कुत्र्याचे पंजे भाजतात, म्हणून त्यालाही तीच वेळ. म्हणजे गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या आजी, लाफ्टर क्लबवाले काका, सायकल शिकणारी पोट्टी, पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं आणि काल दिवसभर कूलरच्या खोलीत कोंडलेला तुमचा ब्रूनो, हे सगळे एकाच वेळी एकाच ग्राउंडवर. नेमकं इथेच सोडा त्याला. भरतीवाल्या पोरांच्या मागे लागला तर चांगलंच आहे, १६०० मीटरचं टायमिंग सुधारते त्यांचं, अन् कोचिंगची फी पण नाही.

जागा म्हणाल तर सेमिनरी हिल्स आहे, सिव्हिल लाइन्सचा वॉकर्स स्ट्रीट आहे, फुटाळा आहे, पण जी सोय आपल्या लेआउटच्या ओपन स्पेसमध्ये आहे ती कुठेच नाही, कारण तिथे सगळे ओळखीचे असतात आणि ओळखीची माणसं तक्रार करायला लाजतात. ज्यांच्या घरी तुमच्या मुलीच्या लग्नाची पत्रिका गेली ते काय बोलणार तुम्हाला. हसतात, बाजूला होतात, अन् दुसऱ्या दिवसापासून ग्राउंडच्या बाहेरून, गाड्यांच्या मधून चक्कर मारतात. तुम्ही म्हणा, "बघा, आता ग्राउंड कसं मोकळं मोकळं वाटते."

आता मुख्य विद्या. ते वाक्य. "काही नाही करत तो."

हे कमीत कमी पन्नास फुटांवरून म्हणायचं, मोबाइलमधून मान वर न काढता, आणि कुत्रा समोरच्यापर्यंत पोचल्यावरच म्हणायचं, आधी म्हटलं तर समोरच्याला बाजूला व्हायला वेळ मिळून जातो. आवाजात थोडा कंटाळा पाहिजे. या चार शब्दांची किमया अशी की एका सेकंदापूर्वी तुमचा कुत्रा हा तुमचा प्रश्न होता, आता समोरच्याची भीती हा समोरच्याचा प्रश्न झाला. काकाजींनी काठी उचलली की लगेच, "काठी नका दाखवू न जी, त्याला काठीचा राग येते." पोरगी पळाली तर "पळू नको बेटा, पळालं की तो मागे लागते." ती जागच्या जागी उभी राहून रडायला लागली तर "रडू नको, त्याला वाटते तू खेळून राहिली." यातलं पळण्याचं तर खरंच आहे, पळणाऱ्याच्या मागे धावणं कुत्र्याच्या रक्तात असतं, पण ते पाच वर्षांच्या पोरीला माहीत पाहिजे आणि पंचेचाळीस वर्षांच्या तुम्हाला माहीत असून उपयोग नाही, अशी ही व्यवस्था.

कारणं तयार ठेवा, म्हणजे ऐनवेळी सुचत नाही असं होत नाही. "लाल ओढणी होती न ताई, म्हणून भुंकला, त्याला लाल चालत नाही." खरं पाहिलं तर कुत्र्याला लाल रंग आपल्यासारखा दिसतच नाही, त्याला निळा अन् पिवळा कळतो, लाल-हिरवं सगळं एकसारखं मळकट, पण ताईला हे कुठे माहीत आहे, ती उद्या बिचारी पांढरी ओढणी घालून येईल. तसंही याच ज्ञानावर अर्ध्या नागपूरच्या गेटांवर लाल पाण्याच्या बाटल्या लटकून राहिल्या आहेत, कुत्र्याने येऊ नये म्हणून. कुत्रा येतो, बाटली हुंगतो, तिथेच पाय वर करतो आणि पुढे जातो.

२०२१ च्या उन्हाळ्यात आयटी पार्कजवळ, गायत्रीनगरात बिबट्या दिसला होता, आठवते? वनखातं मागावर, लोकांनी दारं-खिडक्या लावून घेतल्या. तर तो बिबट्या माणूस दिसला की लपायचा. संस्कार म्हणतात ते हे. बिचाऱ्याच्या मागे "काही नाही करत तो" म्हणणारं कोणी नव्हतं, म्हणून लपावं लागलं त्याला.

ब्रूनोला हाक मारली की त्याने परत यायला पाहिजे असं काही लोक म्हणतील. दुर्लक्ष करा. ते शिकवायला महिने जातात, आधी घरात, मग गच्चीवर, मग लांब दोरी बांधून ग्राउंडवर, खिशात चिकनचे तुकडे घेऊन रोज, आणि तरी समोर मांजर आलं की काय करेल सांगता येत नाही. एवढा वेळ कोणाला आहे. त्यापेक्षा "ब्रूनो कम, ब्रूनो नो, ब्रूनो कम हिअर" असं ओरडत राहा, इंग्रजीतच ओरडा, ब्रूनोला कळत नाही पण लेआउटला कळतं की तुम्ही प्रयत्न करून राहिले.

याच ग्राउंडवर एखादा माणूस आपला कुत्रा पट्ट्याला बांधून, कडेकडेने, कोणाला त्रास न देता फिरवत असतो. असला माणूस प्रत्येक लेआउटमध्ये असतोच. ब्रूनोला थेट त्याच्या कुत्र्यावर जाऊ द्या. बांधलेल्या कुत्र्याची पंचाईत अशी की त्याला पळताही येत नाही अन् बाजूलाही होता येत नाही, अंगावर अनोळखी कुत्रा धावून आला की त्याच्याकडे गुरगुरणं एवढंच उरतं. तो गुरगुरला की झालं तुमचं काम. हळहळत म्हणायचं, "तुमचा अ‍ॅग्रेसिव्ह आहे का हो? ट्रेनर लावा न." तो माणूस म्हणेल, अहो तुमचा अंगावर आला. तुम्ही म्हणा, "पण आमचा तर शेपूट हलवून राहिला." शेपूट हलली म्हणजे मैत्रीच असते असं नाही, ताठ उभी करून भराभर हलवतो तेव्हा भांडणाची तयारीही असू शकते, पण ही बारीक माहिती तुम्हाला कळली तर संभाषणाची मजा जाते.

अन् एखाद्या दिवशी समोरून मोकळा रॉटवायलर आला तर? तेव्हा गोष्ट वेगळी. तेव्हा नागरिक म्हणून आवाज उठवा, व्हिडिओ काढा, "लोकांना काही सिव्हिक सेन्सच नाही" असं लिहून ग्रुपवर टाका.

मोकाट कुत्र्यांचा मात्र तुम्हाला भल्ता उपयोग आहे, त्यांना विसरू नका. चौकातल्या काळूचा इलाका ठरलेला असतो, ब्रूनो त्यात घुसला की काळू, त्याची बहीण आणि पानठेल्याखालचा तो लंगडा असे तिघं मिळून गोंधळ घालतात, आणि तुम्ही मनपाला फोन लावता की मोकाट कुत्र्यांचा बंदोबस्त करा. खरं म्हणजे काळूचा कान कापलेला आहे. म्हणजे त्याला नेलं, नसबंदी केली, रेबीजची लस टोचली, खूण करून परत त्याच चौकात आणून सोडलं. ब्रूनोचं लसीचं कार्ड मागितलं तर "घरीच आहे, बघावं लागेल." कागदपत्रांच्या बाबतीत काळू पुढे आहे तुमच्या. पण भांडण नेहमी काळूवरूनच होतं. एका बाजूला त्याला रोज पोळ्या घालणाऱ्या काकू, दुसऱ्या बाजूला चक्कर मारणारे काकाजी, आणि दोघांच्याही हातात कोर्ट. ऑक्टोबर २०२२ मध्ये आपल्याच नागपूर खंडपीठाने म्हटलं की मोकाट कुत्र्यांना खाऊ घालायचा कळवळा असेल तर दत्तक घ्या, मनपात नोंद करा, घरी न्या, बाहेर घातलं तर २०० रुपयांपर्यंत दंड. काकाजी खुश. नोव्हेंबरमध्ये सुप्रीम कोर्टाने दत्तकाच्या त्या सक्तीला स्थगिती दिली. काकू खुश. ऑगस्ट २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की रस्त्यात कुठेही नाही, ठरवून दिलेल्या जागीच खाऊ घाला. यावर मात्र सगळ्या लेआउटचं एकमत झालं, जागा ठरलीच पाहिजे, आणि ती दुसऱ्याच्या गेटसमोर पाहिजे. २०२३ च्या एबीसी, म्हणजे कुत्र्यांच्या नसबंदीच्या, नियमांतही लिहिलंय की ही जागा मुलांच्या खेळायच्या जागेपासून आणि येण्याजाण्याच्या दारापासून लांब असावी, पण आमच्या लेआउटमध्ये अशी एकच जागा निघाली आणि तिथे आधीच विजेची डीपी आहे.

या जागेसाठी लेआउटची मीटिंग चालू असताना तुम्ही मागच्या खुर्चीवर ब्रूनोला घेऊन बसायचं. तुमच्याकडे कोणी बघत नाही. आणि चुकून कोणी लिफ्टचा विषय काढला, की कुत्र्याला लिफ्टमध्ये आणू नका, तर लगेच उभं राहून सांगा की अ‍ॅनिमल वेल्फेअर बोर्डाच्या २०१५ च्या सूचना आहेत, सोसायटीला कुत्र्यावर बंदी घालता येत नाही, लिफ्टही नाकारता येत नाही. आवाज चढवून सांगा. बरोबरच आहे ते, आणि कुत्रा आहे म्हणून भाडेकरूला घर सोडायला लावणाऱ्या सोसायट्यांना हे ऐकवायलाच पाहिजे. त्याच सूचनांमध्ये सार्वजनिक जागी पट्टा लावा असंही म्हटलंय, तिथे पोचायच्या आत खाली बसा.

शी-शूचं फार लांबवत नाही. दुसऱ्याच्या गेटसमोर. कोणी पाहिलं तर "खतच आहे काकू, झाडाला चांगलं." काकूंना शेणाची सवय, त्यांना पटेल. शेण आणि मांस खाणाऱ्या प्राण्याची विष्ठा यात फरक असतो, तिच्यातून जंतांची अंडी मातीत जातात, कुत्र्यांच्या पार्व्हो आजाराचा विषाणू तर मातीत कित्येक महिने टिकतो आणि लस पूर्ण न झालेल्या पिल्लांना गाठतो, पण ते पिल्लू काही तुमचं नसतं.

राहता राहिला चावण्याचा विषय. पहिली गोष्ट, चावला म्हणायचं नाही. "दात लागला." रक्त आलं असेल तर "नख लागलं असेल." मग "त्याचे सगळे इंजेक्शन झालेत", आणि लगेच घरगुती उपाय सुरू करा, तिखट लावा, चुना लावा, हळद दाबा. कोणी शहाणा म्हणेल की आधी जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवा, काही चोळू नका, आणि सरळ मेयो नाहीतर मेडिकल, ही इथली सरकारी हॉस्पिटलं, गाठा, कारण रेबीजची लक्षणं एकदा दिसली की माणूस जवळपास वाचतच नाही. ऐकायला जड वाटतं हे, पण त्या शहाण्याचं ऐकू द्या लोकांना, एवढ्या एका ठिकाणी तुमचा सल्ला नको. पोटात चौदा इंजेक्शनं घ्यायचे दिवस गेले, आता दंडात घेतात, पहिल्या दिवशी आणि मग ३, ७, १४, २८ व्या दिवशी, जखमेतून रक्त आलं असेल तर जखमेतही एक औषध देतात. ज्यांना दात "लागला" त्या बाई महिनाभर रजा टाकून, ऑटो करून तिकडे जात राहतील, तुम्ही एकदा फोन करा, "कसं आहे आता? ब्रूनोचं पण मन लागून नाही राहिलं दोन दिवसांपासून."

पोलिसांत जाण्याची भाषा झाली तर घाबरू नका. भारतीय न्याय संहितेचं कलम २९१ आहे, प्राणी सांभाळण्यात हयगय केली तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. तिथेही तेच वाक्य म्हणून पाहा, ठाणेदारसाहेबांना. पन्नास फुटांवरून जमणार नाही, जवळ जावं लागेल.

पण बहुतेक तिथवर जात नाही, लेआउटमध्ये सगळं समजुतीने होतं. रविवारी त्या बाई, त्यांचे मिस्टर आणि मध्यस्थी करायला काकाजी असे तिघं तुमच्या घरी बोलायला येतील. चहा ठेवा, संत्रा बर्फी काढा. अन् बेल वाजायच्या आधी ब्रूनोला मागच्या अंगणात बांधून टाका, घट्ट, डबल गाठ मारून. पाहुणे आले की अंगावर उड्या मारते तो, सोफा पण नवीन आहे, अन् बरं दिसत नाही न जी.