रिकामीच तर होती!

मागच्या एका लांबच्या विमानप्रवासात मला इकॉनॉमीच्या अगदी पहिल्या रांगेतली, म्हणजे पुढच्या वर्गाच्या पडद्याला खेटून असलेली सीट मिळाली होती. (त्या विमानात पुढे एकच महाग वर्ग होता. कंपनी त्याला काहीही नाव देवो, मागे बसलेले लोक त्याला फर्स्ट क्लासच म्हणतात, म्हणून मीही तसेच म्हणतो.) जेवणाचे ट्रे उचलून झाले, दिवे मंदावले आणि बहुतेक प्रवासी जमेल त्या कोनात मान टाकून झोपेची वाट पाहू लागले, तेव्हा मागून एक गृहस्थ नुसत्या पायमोज्यांवर, पांघरूण काखोटीला मारून, पावले न वाजवता पुढे आले. पडद्यापाशी क्षणभर थांबून त्यांनी आत डोकावले आणि घरातल्या एका खोलीतून दुसरीत जावे इतक्या सहजपणे ते पलीकडे गेले. पडद्याच्या फटीतून मला दिसत होते: त्यांनी सीटचे बटण दाबले, पाठ हळूहळू आडवी झाली, आणि स्वतःचे पांघरूण बाजूला ठेवून त्यांनी तिथल्या जाड पांघरुणाची बंद पिशवी फोडली.

अर्ध्या तासाने विमानसेविका हातातल्या टॅबवर काहीतरी पडताळत तिथे आली आणि त्यांच्या सीटशेजारी खाली वाकून अगदी हलक्या आवाजात म्हणाली, "सर, आपला बोर्डिंग पास जरा दाखवता का?" आधी गृहस्थांनी झोपेचे सोंग घेतले. मग पाठ धरल्याचे कारण निघाले. शेवटी ते जरा चढ्या आवाजात म्हणाले, "रिकामीच तर होती. कोणाचे काय बिघडले?" ती त्यावर काहीही न बोलता फक्त उभी राहिली आणि म्हणाली, "मी आपल्याबरोबर आपल्या जागेपर्यंत येते." परत जाताना त्या गृहस्थांच्या चेहऱ्यावर ओशाळलेपण नव्हते, उलट आपल्यावर अन्याय झाल्याचा भाव होता. माझ्या शेजारच्या बाईही त्यांच्याच बाजूच्या निघाल्या. "एवढी मोठी कंपनी, एक माणूस झोपल्याने तिचे काय झिजणार होते?" असे त्या पुटपुटल्या आणि पलीकडच्या दोघांनी माना डोलावल्या.

हा प्रश्न मला तेव्हापासून सोडत नाही, कारण तो वरवर वाटतो तितका पोकळ नाही. विमानाचा दरवाजा एकदा बंद झाला की त्या उड्डाणापुरती रिकाम्या सीटची किंमत शून्य होते. ती ना साठवता येते, ना दुसऱ्या दिवशी विकता येते. तिसरी घंटा झाल्यावर नाट्यगृहातल्या रिकाम्या खुर्चीचे जे होते, तेच तिचे होते. त्यामुळे त्या रात्री कंपनीच्या गल्ल्यातून काही गेले नाही, हे मी सरळ मान्य करतो. अशा प्रकाराला कोणी सीटचोरी म्हणेल, पण तो शब्द मला म्हणूनच नेमका वाटत नाही, कारण चोरीत एकाचे जाते तेव्हा दुसऱ्याला मिळते, आणि इथे कंपनीचे तसे काहीच गेलेले दिसत नाही.

पण पुढच्या वर्गात नुसती खुर्ची विकत नाहीत. माणसे कमी असणे, शेजार मोकळा असणे, प्रसाधनगृहापुढे रांग नसणे हाही त्या मालाचाच भाग असतो, आणि रिकामी सीट ही एका अर्थी त्या मालाचीच एक बाजू असते. त्या रात्री पुढे बसलेल्यांपैकी कोणी कंपनीच्या पैशाने आला असेल, कोणी वर्षानुवर्षे साठवलेले पॉइंट्स एका प्रवासात उधळले असतील, तर कोणी गुडघ्याचे ऑपरेशन झाले म्हणून स्वतःची पुंजी मोडली असेल. आणि मागे बसलेल्यांपैकी कित्येकांना चेक-इन करताना 'इतके पैसे भरा आणि पुढे बसा' असा पर्याय फोनवर दिसला असेल आणि तो त्यांनी मन मारून नाकारला असेल. दिवे मंदावल्यावर पडदा ओलांडण्याची सोय असती तर या दोन्ही प्रकारच्या माणसांना कोणीतरी वेड्यात काढले असेच म्हणावे लागले असते. लांब पल्ल्याच्या उड्डाणांवर पुढच्या मोजक्या सीटा उत्पन्नाचा बराच मोठा वाटा उचलतात. तिथे पैसे भरणे हा बावळटपणा ठरला तर ती भरपाई कंपनी कुठून करील, हे सांगायला अर्थशास्त्रज्ञ लागत नाही.

सुरक्षेचे कारणही अशा वेळी नेहमी पुढे केले जाते, आणि ते थोडे फुगवून सांगितले जाते असे माझे मत आहे. विमानाचा तोल प्रवासी आणि सामान कुठे आहे यावर ठरतो, उड्डाणापूर्वी त्याचा हिशेब मांडला जातो आणि छोट्या विमानात तर कर्मचारी खरोखरच काही जणांना उठवून दुसरीकडे बसवतात, हे सगळे खरे आहे. पण तीनशे माणसांच्या विमानात हवेत असताना एक गृहस्थ वीस रांगा पुढे सरकले म्हणून विमान डगमगत नाही. तसे असते तर प्रसाधनगृहाला जाण्याचीही बंदी करावी लागली असती. खरा मुद्दा अधिकाराचा आहे. विमानात शिस्त राखण्याचा अधिकार 1963 च्या टोकियो करारापासून आंतरराष्ट्रीय कायद्याने वैमानिकाकडे सोपवलेला आहे आणि केबिन क्रूची सूचना त्याच अधिकारातून येते. 'आपल्या जागेवर चला' हे त्या अर्थाने विनंतीच्या स्वरातले फर्मान असते. ते न मानणाऱ्यासाठी विमान वाटेत उतरवून त्याला पोलिसांच्या ताब्यात देण्यापर्यंत गोष्ट जाऊ शकते, आणि तेव्हा भांडण सीटचे उरलेले नसते.

इथे विमान कंपन्यांनाही दोन शब्द सुनवायला हवेत, कारण हा मोह त्यांनीच जोपासला आहे. अटलांटिक ओलांडणाऱ्या विमानांत 1952 साली स्वस्त 'टूरिस्ट' वर्ग आला, 1958 साली इकॉनॉमी आली, आणि बिझनेस क्लास तर 1970 च्या दशकाच्या अखेरीचा. सुरुवातीला पुढच्या आणि मागच्या माणसात फरक होता तो खुर्चीच्या रुंदीचा आणि आदरातिथ्याचा. 1990 च्या दशकाच्या मध्यावर पुढची खुर्ची पूर्ण आडवी होऊन तिचा पलंग झाला, 2007 साली सिंगापूर एअरलाइन्सच्या ए-380 विमानात दार लावून घेता येईल अशा खोल्या आल्या, आणि मागच्यांचे गुडघे मात्र पुढच्या सीटच्या पाठीला टेकलेलेच राहिले. त्यात आपल्याला विमानात चढवतात ते बहुतेकदा पुढच्या दाराने, त्या पलंगांच्या मधून, हातातली बॅग कोणाच्या ग्लासाला लागू नये म्हणून जपत. 2016 साली अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात या विषयावर एक अभ्यास छापून आला होता. ज्या विमानांत फर्स्ट क्लास असतो, तिथे इकॉनॉमीतल्या प्रवाशांनी गोंधळ घालण्याची शक्यता जवळजवळ चौपट असते आणि सगळ्यांना पुढूनच चढवले तर ती आणखी दुपटीहून अधिक वाढते, असे त्यात मांडले होते. त्या गणितावर नंतर टीकाही झाली आणि मी ते आकडे वेदवाक्य मानत नाही, पण त्या पलंगांच्या मधून तीस रांगा चालत गेलेल्या कोणालाही त्यातला रोख परका वाटणार नाही.

शिवाय 'फुकट' या गोष्टीची सवय कंपन्यांनीच लावली आहे. सीटांपेक्षा जास्त तिकिटे विकायची, मागचा वर्ग ओसंडला की काही जणांना पुढे बसवायचे, हा त्यांचा रोजचा व्यवहार आहे. युरोपीय संघाच्या 2004 च्या नियमानुसार कंपनीने स्वतःहून वरच्या वर्गात बसवले तर जादा पैसे मागता येत नाहीत, आणि खालच्या वर्गात ढकलले तर अंतरानुसार तिकिटाच्या 30, 50 किंवा 75 टक्के रक्कम परत द्यावी लागते. म्हणजे पैसे न भरता पुढे बसणे यात मुळात काही पाप नाही. प्रश्न एवढाच की ते ठरवतो कोण. पण पुढची सीट आज कोणाला आणि का मिळाली हे मागच्याला कधीच कळत नाही. चांगले कपडे घालून जा, लग्नाचा वाढदिवस आहे म्हणून सांगा, काउंटरवर गोड बोला, असले तोडगे लोक अजून एकमेकांना सांगतात, आणि प्रत्यक्षात बहुतेक ठिकाणी ती यादी संगणक भाड्यावरून आणि पॉइंट्सवरून लावतो. ज्या गोष्टीची वाटणी सोडतीसारखी भासते, ती हातोहात उचलण्यात लोकांना काही वावगे वाटत नाही.

या प्रकारातले बहाद्दर पाहिले की आपले पायमोजेवाले गृहस्थ अगदीच किरकोळ वाटतात. 2016 साली सिंगापूरच्या चांगी विमानतळावर एका प्रवाशाचे विमान चुकले आणि तो तिथेच अठरा दिवस राहिला. संगणकावर बनावट बोर्डिंग पास तयार करून तो महागड्या तिकिटांच्या प्रवाशांसाठी असलेल्या विश्रांतिकक्षांत, म्हणजे एकामागून एक लाउंजमध्ये, जेवत-झोपत होता, आणि शेवटी त्याला तुरुंगात जावे लागले. चीनमधल्या एका प्रवाशाची बातमी 2014 साली आली होती. त्याने पूर्ण परताव्याचे एकच फर्स्ट क्लासचे तिकीट काढले, वर्षभरात सुमारे तीनशे वेळा त्याची तारीख पुढे ढकलली, प्रत्येक वेळी विमानतळावर जाऊन लाउंजमध्ये फुकट जेवला, आणि अखेरीस तिकीट रद्द करून सगळे पैसे परत घेतले. पहिल्याने कागद बनावट केला, त्यामुळे त्याच्याबद्दल वाद नाही. दुसऱ्याची बातमी वाचून मात्र मी मोठ्याने हसलो होतो हे कबूल करतो. त्याच्या हातातले तिकीट खरे होते आणि तारीख बदलण्याची मुभाही कंपनीनेच दिलेली होती. सिंगापुरात तर प्रवास करण्याचा इरादा नसताना नुसते तिकीट काढून आतल्या भागात शिरणे हाच गुन्हा आहे, त्यामुळे हा बहाद्दर तिथे असता तर पहिल्याच जेवणाला अडकला असता.

आणि याच्या नेमकी उलट बाजू म्हणजे अमेरिकन एअरलाइन्सने 1981 साली विकायला काढलेला 'एअरपास'. अडीच लाख डॉलर एकदाच भरा आणि आयुष्यभर फर्स्ट क्लासने हवे तितके फिरा, अशी ती योजना होती. काही जणांनी ती इतकी मनावर घेतली की कंपनीला हिशेब पुन्हा मांडावा लागला, आणि 2008 साली तिने काहींचे पास रद्द केले. त्यातला एक आरोप असा होता की पासधारकाला सोबत नेता येणाऱ्या माणसाची सीट खोट्या नावाने आरक्षित करून ती मुद्दाम मोकळी ठेवली जात होती. म्हणजे तिथेही तंटा रिकाम्या सीटचाच, फक्त तक्रारदार या वेळी कंपनी होती! 'रिकामीच तर होती' हे उत्तर तिने ऐकून घेतले नाही, आणि प्रकरण कोर्टात गेले.

हे सगळे लिहिताना मी स्वतः फार सोवळा आहे असे कोणी समजू नये. त्याच प्रवासात उतरताना आम्ही पुढच्या वर्गातून बाहेर पडत होतो. पलंगांवर पांघरुणांचे ढीग पडले होते आणि एका सीटवर प्रवाशांना देतात ते छोटे पाकीट न उघडलेले तसेच होते. रांग थांबलेली, कोणाचे लक्ष नव्हते, आणि मी ते उचलून कोटाच्या खिशात टाकले. आत काय असते ते ठाऊक होते: मोज्यांची एक जोडी, डोळ्यांवर बांधायची पट्टी, बोटाएवढी टूथपेस्ट. त्यातल्या एकाही वस्तूची मला गरज नव्हती. कोणीतरी सोडून गेलेले, न वापरलेले, मी नाही तर दुसरा कोणी घेईल, असे मी मनाशी म्हटले, आणि दारापर्यंत पोहोचेपर्यंत माझ्या लक्षात आले की मी त्या गृहस्थांचेच वाक्य थोडे वेगळ्या शब्दांत म्हणत होतो. माझ्या शेजारच्या बाईंनी ते पाहिले असणार, कारण त्या हसल्या. ते पाकीट अजून कपाटात आहे. वापरवत नाही आणि टाकवतही नाही.

मधली सीट असह्य झाली, पाठ धरली, शेजारचे मूल रडत असले तर विचारायला काहीच हरकत नसते, आणि बहुतेक वेळा क्रू मागच्याच वर्गातल्या एखाद्या मोकळ्या रांगेत सोय करून देतो. त्या रात्री मागे तीन सीटांची एक आख्खी रांग रिकामी होती. त्या गृहस्थांना परत नेताना विमानसेविकेने ती दाखवली, मधले हात वर करून दिले आणि एक जादा उशीही आणून दिली. ते तिथे आडवे झाले आणि उतरण्याच्या तासभर आधीपर्यंत गाढ झोपले.

ती मात्र पडद्याच्या आत परत गेली. फट तशीच राहिली होती, त्यामुळे पुढचे मला दिसले. तिने उघडलेले पांघरूण घडी न घालता वापरलेल्यांच्या पिशवीत कोंबले, उशीचा अभ्रा काढला, सीटची पाठ पुन्हा सरळ केली, तिथला स्क्रीन पुसला, आणि टॅबवर काही मिनिटे उभ्याउभ्या काहीतरी लिहीत राहिली. लांबच्या उड्डाणात क्रूला पाळीपाळीने थोडा वेळ पाठ टेकायला मिळतो. तिची पाळी बहुधा तीच असावी, कारण मागून दुसरी सेविका आली, घड्याळ दाखवून खुणेनेच 'काय झाले?' असे तिने विचारले, आणि हिने 'तू जा' अशी मान हलवून पुढच्या सीटखालून त्या गृहस्थांचे राहून गेलेले स्वतःचे पांघरूण ओढून काढले आणि ते घेऊन ती पुन्हा मागे निघाली.