एकशे साठचा हिशोब

२००५ सालची गोष्ट. घरच्या पेंटियम थ्रीची १० जीबीची हार्डडिस्क गच्च भरली म्हणून मी लॅमिंग्टन रोडवरून १६० जीबीची घेतली आणि डोंबिवलीपर्यंत लोकलच्या गर्दीत तान्ह्या बाळासारखी छातीशी धरून आणली. कॅबिनेट उघडलं, चपटी केबल लावली, पीसी चालू केला तर स्क्रीनवर 'डिटेक्टिंग आयडीई ड्राइव्ह्ज' येऊन जे थांबलं ते थांबलंच. चहा पिऊन आलो तरी डिटेक्टिंगच.

मग कळलं की त्या काळातल्या कित्येक बायोसना, म्हणजे पीसी चालू होताना सगळ्यात आधी जागा होणाऱ्या मदरबोर्डवरच्या प्रोग्रामला, ३३.८ जीबीच्या वरची डिस्क दिसली की दातखीळच बसते. उपाय काय, तर डिस्कच्या मागे दोन पिना जोडणारी एक टोपी, म्हणजे जम्पर, बसवायचा, मग डिस्क खुशाल खोटं सांगते की मी ३२ चीच आहे हो. तो जम्पर मुगाच्या दाण्याएवढा, सटकला हातातून. मी बॅटरी घेऊन टेबलाखाली आडवा आणि आई केर भरता भरता सुपलीत बघून ओरडली, "अगंबाई, घरात उंदीर झालेत, ही बघ लेंडी!" नशीब, टाकायच्या आधी ओरडली.

आता पैसे मोजले १६० चे आणि वापरायचे ३२, हे काही झोपू देईना. म्हणून फ्लॉपीवरून बायोस अपडेट. त्यात मध्येच लाइट गेली तर मदरबोर्डची राखच, आणि आमच्याकडे लोडशेडिंग! पहाटे पाचचा मुहूर्त काढला, बाबा बनियनवर मेन स्विचपाशी पहारा देत उभे, गिझरला बंदी. झालं एकदाचं. लेंडी काढली, विंडोज उघडलं. १२७ जीबी.

"आता काय?" बाबा.

बाबा पोस्टातून रिटायर झालेले, म्हणून त्यांच्याच भाषेत सांगितलं. डिस्कवर ५१२ बाइटची एकेक खोली असते, तिचा पत्ता जुन्या पद्धतीत २८ बिटांचा, तो १३७ अब्ज बाइटला संपतो. विंडोजच्या हिशोबात तेच १२८, तेही दाखवताना १२७. पुढची घरं आहेत, पण पत्ताच नाही. आणि एखादा अर्धवट प्रोग्राम हट्टाने पुढे लिहायला गेला तर माल परत पहिल्या घरापासून टाकत सुटतो, आधीचं सगळं गाडून.

"असा पोस्टमन मी सस्पेंड केला असता," बाबा म्हणाले.

४८ बिटांचा पत्ता २००२ च्या सुमारास आला, पण आमच्या विंडोज एक्सपीला सर्व्हिस पॅक वन या मोठ्या अपडेटशिवाय तो वाचता येत नव्हता. मित्राकडून सीडी आणली, टाकला, रिस्टार्ट केलं. १४९.

कंपनी हजाराने मोजते, विंडोज १०२४ ने, हे मी अर्धा तास कागदावर मांडून दाखवलं. बाबांनी चष्मा पुसला, कागद पुन्हा वाचला.

"म्हणजे मनीऑर्डरसारखं कमिशन कापलंय. पण आमच्याकडे वीसला एक होतं, १६० ला आठच व्हायला हवे. यांनी अकरा कापलेत. पावती आहे ना?"