भट्टी आणि रस्ता

नमस्कार सर,

एवढी सविस्तर प्रतिक्रिया दिलीत, मनापासून आभार. जपानमधल्या बंद अणुभट्ट्या पुन्हा सुरू करण्यावर मी लिहिलं, त्यावर तुमचं म्हणणं असं, की मी नाहक भीती पसरवतोय. तुम्ही म्हणता, मार्च २०११ च्या भूकंप-त्सुनामीत फुकुशिमाच्या अणुऊर्जा केंद्रात अपघात झाला, तरी किरणोत्सर्गाने माणसं दगावली नाहीत, आणि भूकंपाच्या केंद्राला जास्त जवळ असलेलं ओनागावाचं अणुऊर्जा केंद्र तर धडधाकट राहिलं.

आधी माझी चूक. ‘भूकंपाने अणुभट्ट्या फोडल्या’ हे वाक्य मी घाईत लिहिलं. हादरा बसताच फुकुशिमातल्या चालू असलेल्या तिन्ही भट्ट्या आपोआप बंद झाल्या होत्या. घात केला त्सुनामीच्या पाण्याने. तळघरातले डिझेल जनरेटर बुडाले आणि इंधन थंड ठेवायला वीजच उरली नाही. वाक्य दुरुस्त केलंय. मात्र १५ मीटरहून उंच लाट येऊ शकते हा हिशेब केंद्र चालवणाऱ्या कंपनीच्याच लोकांनी २००८ मध्ये मांडला होता आणि तो बाजूला पडला, हे मागे घेणार नाही.

विजेची गरजही मला कळते. मार्च २०११ मध्ये आम्ही योकोहामात होतो. भारनियमन आपल्याला काही नवं नाही, पण तिथल्या थंडीत दोन वर्षांच्या लेकीला कोटासकट पांघरुणात घेऊन तीन तास अंधारात बसलोय. जवळजवळ सगळं इंधन बाहेरून आणणाऱ्या देशाने अणुऊर्जा कायमची टाकून द्यावी, असं मी कधीच म्हटलेलं नाही.

आता ओनागावा. यानोसुके हिराई या अधिकाऱ्याने हट्ट धरला म्हणून ते केंद्र १४.८ मीटर उंचीवर बांधलं गेलं. भूकंपात जमीन मीटरभर खचली, तरी १३ मीटरची लाट वर चढली नाही. घरं वाहून गेलेली तीनशेहून जास्त माणसं केंद्राच्या व्यायामशाळेत जवळपास तीन महिने राहिली. तुम्ही हा सुरक्षिततेचा पुरावा म्हणून दिलात. पण सर, ती माणसं तिथेच का गेली? केंद्र ज्यावर आहे त्या ओशिका द्वीपकल्पावरचे रस्ते तुटले होते. त्या दिवशी ओनागावातही बिघाड झाला असता, तर ती कुठे जाणार होती?

१ जानेवारी २०२४ ला जपानच्याच नोटो द्वीपकल्पावर भूकंप झाला, तेव्हा हेच दिसलं. तिथलं शिका अणुऊर्जा केंद्र २०११ पासून बंदच होतं, म्हणून ट्रान्सफॉर्मरचं तेल सांडण्यावर निभावलं. पण आजूबाजूचे रस्ते खचले, गावंच्या गावं तुटली. अणुकेंद्रात अपघात झाला तर त्यापासून ५ ते ३० किलोमीटरमधल्या लोकांना सूचना असते, आधी घरात थांबा, दारंखिडक्या बंद ठेवा. घरंच आडवी झाली होती. त्याच टोकाला सुझू इथे अणुऊर्जा केंद्र होणार होतं. गावकरी वर्षानुवर्षं अडून राहिले आणि २००३ मध्ये तो बेत बारगळला. भूकंपाचं केंद्र त्या सुझूजवळच होतं.

किरणोत्सर्गाने कोणी गेलं नाही, हे वाक्य मला म्हणूनच पुरत नाही. फुकुशिमा केंद्राजवळच्या एका इस्पितळातले अंथरुणाला खिळलेले म्हातारे रुग्ण सलाइन काढून बसमध्ये बसवले गेले, तासन्‌तास फिरवले गेले. त्या इस्पितळातले आणि शेजारच्या वृद्धाश्रमातले मिळून चाळीसेक जण त्या धावपळीत गेले. त्यांना कोणत्या रकान्यात टाकायचं?

जपानचं अणु नियमन प्राधिकरण कडक आहे, हे खरं. जमिनीखालच्या भ्रंशाच्या, म्हणजे हलू शकणाऱ्या भेगेच्या, शंकेवरून त्सुरुगा केंद्राची दुसरी भट्टी त्यांनी २०२४ मध्ये नाकारली. पण माणसं बाहेर काढायचा आराखडा त्यांच्या तपासणीत येतच नाही, तो स्थानिक प्रशासनाच्या गळ्यात. तोकाई इथल्या केंद्रापासून ३० किलोमीटरच्या आत नऊ लाखांवर लोक राहतात. तिथला आराखडा अपुरा आहे म्हणून मितोच्या न्यायालयाने २०२१ मध्ये भट्टी चालवायला मनाई केली. माझं मत त्या न्यायालयासारखंच आहे. ओनागावाची दुसरी भट्टी ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झाली, समोर २९ मीटरची भिंत आहे. भिंत उत्तमच. तसाच रस्ता हवा, बस हव्यात, चालक हवेत, आणि ते सगळं हिवाळ्यातल्या रात्री एकदा करून पाहिलेलं हवं.

कोकणात जैतापूरला होऊ घातलेल्या अणुऊर्जा प्रकल्पाबद्दलही हेच विचारणार का, असं तुम्ही शेवटी लिहिलंत. हो, विचारणार. भर पावसात अणुस्कुरा घाटात दरड आलेली असताना प्रकल्पाजवळच्या साखरी नाट्यातल्या लोकांना कोणत्या वाटेने वर काढणार?