कंट्रोल-एस आणि शून्य बाइट

मला कंट्रोल-एस, म्हणजे फाइल सेव्ह करायची बटणं, दाबायचं व्यसन आहे. वाक्य संपलं की दाब, स्वल्पविराम टाकला की दाब, काहीच लिहिलं नाही, नुसती जांभई दिली तरी दाब. आणि एकदा दाबून भागत नाही, तीनदा लागतं.

त्या दिवशी चार तास खपून एक फाइल पूर्ण केली, खट खट खट केलं आणि लाईट गेली. मी चक्क हसलो. सेव्ह केलंय ना! लाईट आल्यावर फाइल उघडली तर पांढरीशुभ्र. साइज शून्य बाइट. नाव जागच्या जागी, तारीख-वेळ अगदी बरोबर, आत कोणी राहत नाही पण दारावरची पाटी लखलखतेय असा प्रकार.

मग कळलं की माझा एडिटर, म्हणजे मी ज्यात लिहितो तो प्रोग्राम, सेव्ह करताना आधी जुनी फाइल रिकामी करतो आणि मग तिच्यात नवा मजकूर ओततो. मधल्या क्षणात काही झालं की जुनंही गेलं, नवंही गेलं. म्हणजे मी काळजीपोटी तीनदा दाबत होतो तेव्हा मन लावून तीनदा पुसत होतो! बरं, ओतलेला मजकूर तरी लगेच डिस्कवर जावा? छे. तो मेमरीत लोळत पडतो, लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टीममध्ये अगदी ३० सेकंदसुद्धा, आणि एडिटर मात्र खुशाल 'सेव्ह्ड' म्हणून मोकळा. २००९ च्या सुमारास लिनक्सची एक्स्ट४ ही फाइल सिस्टीम (डिस्कवर फाइली मांडून ठेवायची पद्धत) नवीन होती तेव्हा बऱ्याच जणांच्या पदरात अशाच शून्य बाइटच्या फाइली पडल्या होत्या, मग २.६.३० कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या त्या आवृत्तीत, त्यावर थोडीफार मलमपट्टी झाली. तेवढंच मनाला बरं वाटलं, फाइल काही परत आली नाही.

शहाणी पद्धत अशी की त्याच फोल्डरमध्ये टेम्प म्हणजे तात्पुरती फाइल लिहायची, एफसिंक हा हुकूम देऊन ती डिस्कच्या घशाखाली उतरवायची आणि मगच रीनेम करून जुनीच्या जागी बसवायची. रीनेम एका फटक्यात होतं, अर्धवट काही राहत नाही. मी लगेच माझी स्वतःची सेव्ह स्क्रिप्ट लिहिली, दोन दिवस हवेत होतो.

तिसऱ्या दिवशी एक प्रोग्राम परमिशन डिनाइड म्हणायला लागला, कारण नवी फाइल म्हणजे नवा जन्म, जुन्या परमिशन तिला कोण देणार? आणि माझी कॉन्फिग म्हणजे सेटिंगची फाइल खरं तर सिमलिंक होती, दुसरीकडच्या खऱ्या फाइलकडे बोट दाखवणारी नुसती पाटी. रीनेमने ती लिंकच उडवून तिथे साधी फाइल बसवली. मी आठवडाभर त्या तोतयात बदल करतोय आणि खरी फाइल दुसऱ्या फोल्डरमध्ये जुनीच्या जुनी! विम या एडिटरमध्ये याच भानगडीसाठी, जुन्याच फाइलीत लिहायचं की नवी आणून बसवायची हे ठरवायला, बॅकअपकॉपी नावाचं सेटिंग आहे, यस, नो किंवा ऑटो. इतक्या हुशार लोकांनाही शेवटी ऑटो ठेवावं लागलं, तिथे माझं काय.

मग सरळ मार्ग धरला, सेव्हच्या आधी जुनीची कॉपी, नावाच्या शेवटी टिल्डाची (~) शेपटी. महिन्याभरात फोल्डरमध्ये शेपट्याच शेपट्या. काल आवरायला बसलो, म्हटलं फाइली पुसणाऱ्या एका आरएम कमांडमध्ये सगळ्या शेपट्या उडवू, स्टार (*, म्हणजे कुठलंही नाव) टाइप केला, टिल्डा टाइप केला, एंटर. मध्ये एक स्पेस पडली होती. स्टारने फोल्डरमधल्या झाडून सगळ्या फाइली नेल्या, आणि एकट्या पडलेल्या टिल्डाला होम डायरेक्टरी, म्हणजे माझं मुख्य फोल्डर, समजून कमांड वर मलाच सांगते, ही काढता येत नाही, ही डायरेक्टरी आहे.