‘पहिली रेघ कोरी, मग ठिपका, वर शाई फुटते’ या अभिप्रायास उत्तर

सप्रेम नमस्कार.

आमच्या फाउंटन पेनाबद्दल आपण तीन तक्रारी नोंदवल्या आहेत: पहिली रेघ कोरी जाते, शाई संपत आली की अचानक ठिपका पडतो, आणि अक्षरांच्या कडा फुटतात. यावरून निबच निकृष्ट आहे, असे आपले मत झाले आहे. आपला अनुभव खरा आहे याविषयी मला शंका नाही. मात्र तिन्हींची कारणे निरनिराळी आहेत, आणि पहिल्या तक्रारीचा दोष सर्वस्वी आमचा आहे.

निबच्या चिरेतून शाई केशाकर्षणाने, म्हणजे बारीक फटीत द्रव आपोआप ओढला जातो त्या गुणाने, टोकापर्यंत येते आणि तिथे थांबते. निब टेकली की कागदाच्या तंतूंमधल्या, चिरेहूनही बारीक फटी तिला ओढून घेतात. निबखालच्या, टाकीतून शाई आणणाऱ्या जिभेच्या खाचांत घडणीच्या वेळचा तेलकटपणा राहिला, किंवा टोक गुळगुळीत करताना चिरेच्या आतल्या कडा जास्तच गोल घासल्या गेल्या, तर शाई कागदापासून केसभर मागेच राहते आणि रेघ उमटत नाही. पेन आपल्याकडे येण्यापूर्वी हे आम्ही पाहायला हवे होते. ते झाले नाही, याबद्दल मी मनापासून क्षमा मागतो. आपण जोर देऊन लिहून पाहिल्याचे म्हटले आहे. कृपया तसे करू नये. टोकाशी चीर कायमची फाकली, तर तिथले केशाकर्षण दुबळे होते आणि शाई आणखीच मागे अडते.

ठिपक्याच्या बाबतीत निबचा दोष नाही. जेवढी शाई बाहेर जाते तेवढी हवा आत यावी लागते, आणि ही देवघेव जिभेतील खाचा सांभाळतात. अमेरिकी पेननिर्माते लुईस वॉटरमन यांचे १८८४ चे पेटंट याच प्रश्नावर होते. परंतु आपले पेन थेट टाकीत शाई भरण्याचे आहे, आणि शाई संपत आली की टाकीत तिच्या जागी बरीच हवा असते. टाकीत २ मिली हवा असेल आणि ती हाताच्या उबेने २५ अंशांवरून ३५ अंश सेल्सिअसपर्यंत तापली, तर ती सुमारे ३ टक्क्यांनी फुगते आणि जवळपास ०.०७ मिली शाई बाहेर ढकलते. एक थेंब साधारण ०.०५ मिलीचाच असतो. जिभेवरच्या कंगोऱ्यांत त्यातली काही शाई मावते, सगळी मावेलच असे नाही. म्हणून टाकी एक तृतीयांशाखाली जाण्याआधी भरावी, हे सूचनापत्रकात छापायला हवे होते. पुढच्या छपाईत ते असेल.

कडा फुटणे बहुतेक वेळा कागदावर अवलंबून असते. खळ, म्हणजे शाई शोषली जाऊ नये म्हणून कागदाला दिलेला लेप, कमी असलेल्या कागदात शाई तंतूंच्या बाजूने पसरत जाते. प्रवाह गरजेपेक्षा सैल असेल तर पेनही त्यात भर घालते, आणि ती शक्यता मी नाकारत नाही.

पेन आमच्याकडे पाठवावे. निब आणि जीभ आम्ही विनामूल्य दुरुस्त करू, आणि तरीही समाधान झाले नाही तर पूर्ण रक्कम परत देऊ. पाठवताना टाकी रिकामी करावी, पण निब धुऊ नये, म्हणजे शाई नेमकी कुठे अडते आहे ते आम्हाला पाहता येईल. आपण वापरता त्या कागदाची एक-दोन पानेही सोबत ठेवावीत.