रिकाम्या कणगीचा आजार

माझ्या आजीच्या घोट्यावर नारूचा, म्हणजे दूषित पाण्यातून शरीरात शिरणाऱ्या लांब कृमीचा, जुना व्रण होता. बारवेच्या पायऱ्या उतरून, पाण्यात पाय बुडवून घागर भरण्याचे ते दिवस होते. काडीला गुंडाळत रोज बोटभर नारू कसा बाहेर काढत, हे सांगताना तिचा हात नकळत त्या व्रणावर जाई. भारतातला शेवटचा रुग्ण १९९६ साली राजस्थानात सापडला आणि २००० साली देश नारूमुक्त ठरला. त्यामुळे माझ्या मुलांना हा शब्दही ठाऊक नाही.

पश्चिम आफ्रिकेतील माली देशातले डोगोन लोक नारूला ‘रिकाम्या कणगीचा आजार’ म्हणतात. दूषित पाणी पोटात गेल्यावर साधारण वर्षाने, म्हणजे बरेचदा पुन्हा शेतीच्या ऐन हंगामात, मीटरभर लांबीचा कृमी पायातून बाहेर पडू लागतो आणि घरातला कर्ता माणूस कित्येक आठवडे अंथरुणाला खिळतो. दात्यांच्या कागदावर आरोग्य आणि शेती हे दोन वेगळे रकाने असतात. गावात मात्र घोटा सुजला की कुदळही थांबते.

नारूवर लस नाही आणि तो बरा करणारे औषधही नाही, त्यामुळे बाजाराला त्यात रस असण्याचे कारण नव्हते. १९८६ साली अमेरिकेचे माजी अध्यक्ष जिमी कार्टर यांच्या कार्टर सेंटर या संस्थेने नारू निर्मूलनाच्या मोहिमेचे नेतृत्व स्वीकारले तेव्हा २१ देशांत वर्षाला सुमारे ३५ लाख माणसांना नारू होत असे; २०२४ मध्ये जगभरात १५ रुग्ण आढळले. देणग्यांतून गावोगाव काय पोचले, तर माठाच्या तोंडावर बांधायचे बारीक विणीचे फडके, शेतात किंवा वाटेत तळ्याचे पाणी पिताना वापरायची गाळणीची नळी, आणि घरोघरी फिरून लोकांना समजावणाऱ्या गावातल्याच स्वयंसेवकांसाठी प्रशिक्षण. कार्टर स्वतः भुईमुगाचे शेतकरी होते. १९९५ साली त्यांनी सुदानच्या यादवी युद्धात या कामासाठी शस्त्रसंधी घडवून आणला आणि तो जवळपास सहा महिने टिकला.

परोपकाराच्या पैशाबद्दल माझे मत याच उदाहरणातून बनले आहे. असा पैसा देणारा दाता कोणत्याही मतदाराला उत्तरदायी नसतो, ही टीका मला पूर्ण मान्य आहे, आणि म्हणूनच शेतकऱ्याने काय पेरावे हे त्याने ठरवू नये, असे मला वाटते. २००६ साली रॉकफेलर आणि गेट्स प्रतिष्ठानांनी आफ्रिकेतील हरितक्रांतीसाठी ‘आग्रा’ ही संस्था उभी केली. संकरित बियाणे आणि रासायनिक खतांवर तिचा भर होता, आणि कोट्यवधी लहान शेतकऱ्यांचे उत्पन्न २०२० पर्यंत दुप्पट करण्याचे तिचे उद्दिष्ट साधले नाही. फडके बांधल्याने मात्र कोणी कर्जात पडत नाही, कोणाचे घरचे बियाणे जात नाही, आणि पाय शाबूत राहिलेला शेतकरी आपल्या शेतात काय करायचे ते स्वतः ठरवतो.

लाखो रुग्णांसाठी पैसा गोळा करणे त्या मानाने सोपे असते; पंधरा रुग्णांसाठी कोण देणार? आफ्रिकेतील चाड देशात आता नारू मुख्यतः कुत्र्यांत सापडतो, आणि नारू झालेले कुत्रे पाण्यापासून दूर बांधून ठेवणाऱ्या घरांना तिथे रोख बक्षीस दिले जाते. छायाचित्रात न शोभणाऱ्या त्या बक्षिसासाठी कोणी देणगी देत असेल, तर आजच्या घडीला तीच मला सर्वांत मोलाची वाटते.