‘सरळ काटामारी आहे’ या प्रतिक्रियेला उत्तर

कराडहून लिहिणाऱ्या दादांना,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. संस्थेच्याच सर्व्हरवर ओपनस्टॅक हे सॉफ्टवेअर लावून उभारलेल्या खासगी क्लाउडमध्ये कुणाचा किती वापर झाला, याच्या मोजणीवर मी लेख लिहिला होता. त्यावर तुमचे दोन आक्षेप आहेत. पहिला म्हणजे आठ-दहा सर्व्हरसाठी सिलोमीटर (मोजमाप घेणारा), न्योकी (ते साठवणारा), क्लाउडकिटी (त्याला दर लावणारी) हे लटांबर कशाला, एक एक्सेल पुरे. दुसरा म्हणजे रात्रभर पाच टक्के सीपीयूवर बसलेल्या व्हीएमला (सर्व्हरवर चालणाऱ्या आभासी मशीनला) पूर्ण दर लावणं ही ‘सरळ काटामारी’ आहे.

दुसऱ्याचं उत्तर आधी देतो, कारण तो शब्द लागला. ऊस पिकवणाऱ्या घरात काटामारी हा शब्द कुणी सहज तोंडातून काढत नाही. आमचे वडील उसाची गाडी आधी बाहेरच्या काट्यावर तोलायचे, चिठ्ठी खिशात ठेवायचे आणि मगच कारखान्याकडे निघायचे. मोजणाराच पैसे ठरवणार असेल तर दुसरा काटा लागतो, हे मी तिथे शिकलो. म्हणून तुमचा राग मला समजतो. पण तुमचा हिशोब मला पटत नाही.

आम्ही संस्थेतल्या विभागांना सीपीयूचा वापर विकत नाही, जागा धरून देतो. 8 कोअर आणि 64 जीबी रॅमचा फ्लेवर, म्हणजे मशीनचा ठरलेला साचा, घेतला की नोव्हा (ओपनस्टॅकचा व्हीएम चालवणारा भाग) तेवढी जागा एका होस्टवर, म्हणजे खऱ्या सर्व्हरवर, त्या विभागाच्या नावावर मांडतो. कोअरचं एक वेळ चालतं. सगळे एकदम पळत नाहीत, म्हणून आमच्याकडे एक कोअर चौघांत वाटलेला आहे आणि त्याचा दरही त्याच हिशोबाने कमी ठेवलाय. रॅम आम्ही तशी वाटत नाही. 64 जीबी घेऊन कुणी 6 जीबीच वापरली, तर उरलेली 58 जीबी दुसऱ्याच्या कामाची नाही, आणि एकूण रॅम कमी पडली की नवा सर्व्हर घ्यावा लागतो. वीजबिलात युनिट शून्य असलं तरी स्थिर आकार येतोच ना, तसंच हे. डिस्कचं तर त्याहून स्पष्ट आहे. आमच्या सेफमध्ये (Ceph, डेटा साठवणारी यंत्रणा) प्रत्येक गोष्टीच्या तीन प्रती राहतात, म्हणजे तुमच्या 1 टीबी डेटामागे 3 टीबी डिस्क जाते.

खरी गल्लत ‘बंद’ या शब्दात आहे. लोकांना वाटतं, शटडाउन केलं की मीटर थांबलं. ओपनस्टॅकमध्ये बंद केलेली व्हीएमसुद्धा होस्टवरची आपली जागा अडवूनच बसते. जागा मोकळी करायची तर ती शेल्व्ह करून, म्हणजे जपून बाजूला ठेवून, होस्टवरून उतरवावी लागते, आणि तेव्हाही तिच्या व्हॉल्यूमचे (तिला जोडलेल्या डिस्कचे) पैसे चालूच राहतात. हे मी लेखात एका ओळीत उरकलं होतं. ती चूक माझी. तुमची रात्रीची मशीन शेल्व्ह होत असेल, तर त्या तासांचे कोअर-रॅमचे पैसे लागता कामा नयेत. आम्ही लावत नाही.

आता एक्सेल. इथे तुमचं निम्मं बरोबर आहे. महिनाअखेरीला यादी काढून एक्सेल भरलं, तर 3 तारखेला जन्मलेली आणि 19 ला पुसलेली व्हीएम त्यात कधीच दिसत नाही. पण त्यासाठी लगेच क्लाउडकिटीकडे धावायची गरज नाही, हे मी मान्य करतो. नोव्हाकडे स्वतःचा वापर-अहवाल असतो. प्रकल्पागणिक कोअर-तास, रॅम-तास, डिस्क-तास तो देतो, पुसलेल्या व्हीएमसकट. पुसलेल्या नोंदी संग्रहात हलवण्याआधी तेवढा काढून ठेवायचा. सिंडरची (डिस्क देणाऱ्या भागाची) व्हॉल्यूम आणि फ्लोटिंग आयपी (व्हीएमला बाहेरून गाठायचे पत्ते) मात्र त्यात येत नाहीत. तीन-चार विभाग आणि ठरलेल्या मशीन असतील, तर हा अहवाल आणि एक्सेल खरंच पुरेल. लेखात हे आधी सांगायला हवं होतं.

आम्हाला ते पुरेना. विभाग वाढले, व्हॉल्यूमचे दोन दर आले, परीक्षेच्या दिवसांत तासाभरासाठी मशीन उठू लागल्या. क्लाउडकिटी लावल्यावर पहिल्याच महिन्यात एका विभागाचं बिल शून्य आलं. दोन दिवस शोधल्यावर कळलं की ज्या प्रकल्पाची मोजणी हवी, त्यात क्लाउडकिटीच्या युजरला ‘रेटिंग’ ही भूमिका द्यावी लागते, आणि तीच राहिली होती. ना कुठे एरर, ना इशारा.

दुसरी अडचण आपल्या देशाची. क्लाउडकिटी मुळात 3600 सेकंदांचे तुकडे पाडते आणि घड्याळ यूटीसीचं, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेचं. आपण 5 तास 30 मिनिटं पुढे, म्हणजे आपली मध्यरात्र तिकडच्या 18:30 ला येते, तासाच्या बरोबर मध्यात. महिना रात्री बाराला कापताच येत नाही. आम्ही साडेबाराला कापतो आणि तसं बिलावर छापतो. तुकडा 1800 सेकंदांचा करता येतो, पण मग नोंदी दुप्पट होतात. शिवाय दहा मिनिटं चाललेल्या व्हीएमलाही आमच्या मांडणीत पूर्ण तास लागतो. यावर तक्रार केलीत तर ती रास्त आहे, ती मी खोडणार नाही.

म्हणूनच बिलावर आम्ही दोन आकडे देतो. एक क्लाउडकिटीचा आणि शेजारी नोव्हाच्या अहवालातले कोअर-तास. पहिला ठरावीक वेळाने घेतलेल्या मोजमापांतून येतो, दुसरा व्हीएमच्या जन्म-मरणाच्या नोंदीतून. दोन वेगळे काटे. शेल्व्ह केलेल्या मशीन सोडल्या, तर फरक तासांच्या गोळाबेरजेपेक्षा जास्त दिसल्यास विभागाने पैसे थांबवावेत, असं आम्ही लिहूनच दिलंय. पहिले तीन महिने पैसे घेतलेच नाहीत, नुसती बिलं वाटली. तेवढ्यावरच एका विभागाने जुन्या परीक्षेच्या मशीन स्वतःहून काढून टाकल्या.

तुमच्याकडे हा दुसरा आकडा कुणी देत नसेल तर तुमचा संशय योग्यच आहे, आणि तो मागायचा तुम्हाला हक्क आहे. तुमच्या ॲडमिनकडून गेल्या महिन्याचा नोव्हाचा अहवाल घ्या, बिलाशेजारी ठेवा, आणि आकडे जुळत नसतील तर इथेच लिहा. आपण ओळीन् ओळ मिळून पाहू.